जालूला रडवायचं नाही

“अगं, ह्यानं गुलाम वर काढून ठेवलाय! बोटभर वर!” रेश्मा खदखदून हसली.

पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलातला तो लहान मुलांचा वॉर्ड होता. खिडकीजवळच्या खाटेवर आम्ही तिघं गुलामचोर खेळत होतो: मी, माझा धाकटा भाऊ जालिंदर, म्हणजे जालू, आणि शेजारच्या खाटेवरची बार्शीची रेश्मा तांबोळी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, जालू सहाचा. खेळ सोपा. चार गुलामांतले तीन आधीच बाजूला काढायचे, एकमेकांचे पत्ते ओढत जोड्या लावायच्या, आणि उरलेला गुलाम शेवटी ज्याच्या हातात राहील तो चोर.

जालू गुलाम कधी लपवत नसे. बाकीच्या पत्त्यांपेक्षा बोटभर वर काढून तो माझ्यासमोर धरायचा आणि मी निमूटपणे तोच ओढायचे. आमची रीतच होती ती. पण त्या दिवशी मध्ये रेश्मा बसली होती. जालूचे पत्ते तिनं ओढायचे होते. माझे केव्हाच संपले होते. आता जालूच्या हातात दोन पत्ते होते, रेश्माच्या हातात एक.

“रेश्मा, तोच ओढ,” मी म्हणाले.

“कुठला?”

“वर आलेला.”

“मी काय येडी हाय व्हय गं?” असं म्हणून तिनं खालचा ओढला. “राणी! सुटले मी! जालू चोर, जालू चोर!”

जालूनं हातातल्या गुलामाकडे पाहिलं. मग त्याचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला.

“आई!” मी किंचाळले.

आई नळावर भांडी विसळत होती. ती तशीच धावत आली. तोवर जालूनं रडायला तोंड उघडलं होतं, पण आवाज अर्ध्यातच तुटला होता. ओठ जांभळे, मग काळेनिळे. डोळे वर गेले. आईनं त्याला उताणं केलं, त्याचे दोन्ही गुडघे पोटाशी घट्ट दाबून धरले आणि “श्वास घे माझ्या राजा, श्वास घे,” एवढंच म्हणत राहिली. सिस्टर साळवे ऑक्सिजनचा मास्क घेऊन आल्या, त्यांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू काळोखी उतरली आणि जालू घामाघूम होऊन झोपी गेला.

रेश्मा पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी होती. “मी काय केलं?” ती रडवेली होऊन म्हणाली. “मी तर नुसती जिंकले.”

तिला ठाऊक नव्हतं, आमच्या घरात एकच कायदा होता. जालूला रडवायचं नाही. जन्मापासूनच त्याच्या काळजात काहीतरी उलटसुलट होतं. रडला की दम कोंडायचा आणि अंग निळं पडायचं. राहुरीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, “ह्याला रडू देऊ नका. एखाद्या वेळी परत यायचा नाही.”

आमचे वडील, म्हणजे दादा, मुळा कालव्यावर पाटकरी होते. पाटाचं पाणी कुठल्या चारीतून, म्हणजे छोट्या कालव्यातून, कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते त्यांच्या हातात. मोठमोठे बागायतदार हमरीतुमरीवर यायचे, पण दादा पाळी सोडून कुणाला थेंबभर पाणी देत नसत. असला खमका माणूस घरी आला की जालूपुढे घोडा व्हायचा. एकदा शेजाऱ्यांचा कोंबडा जालूच्या अंगावर धावला, तर दादांनी तो विकत घेतला आणि त्याच दिवशी त्याचा रस्सा झाला. न्हावी दिसला की जालू भोकाड पसरेल म्हणून त्याचे केस झोपेत कापायचे. ज्या कुशीवर झोपला असेल ती बाजू राहायची. मग दुसऱ्या कुशीवर झोपेपर्यंत आमचा नवाब अर्धा भादरलेला वसाहतभर मिरवायचा, आणि हसायची कुणाची टाप नव्हती.

आणि मी हरायचे. गोट्यांत हरायचे, सागरगोट्यांत हरायचे, पत्त्यांत तर रोजच. वर “ताईला काहीच येत नाही,” हेही ऐकून घ्यायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. असं वाटायचं, एकदा, फक्त एकदा ह्याला असा हरवावा की घर दणाणलं पाहिजे. आणि रात्री त्याचा श्वास नीट चाललाय ना, हे बघायला मी त्याच्या नाकाशी हात धरून झोपायचे. राग आणि भीती दोन्ही एकाच पोटात नांदत होती.

वॉर्डात पेशंटच्या भावंडांना राहू देत नसत. पण माझ्या हातून भरवल्याशिवाय जालू घास गिळत नाही, हे सिस्टर साळवेंनी एका दिवसात ओळखलं आणि मला बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या वॉर्डात मुलांची आपसात एक प्रतिष्ठा असायची. नवं पोर आलं की आधी विचारायचं, “तुझं काय? भोक का झडप?” काळजाला नुसतं भोक असेल तर फारसा मान नाही. भोक आणि झडप दोन्ही असेल तर बरा मान. रेश्माचं नुसतं भोक होतं, तेही बुजवून झालेलं, त्यामुळे ती मनातून खट्टू असायची. जालू मात्र वॉर्डाचा राजा झाला होता. त्याच्यासारखा प्रकार तिथे क्वचितच यायचा. शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं येऊन त्याच्या छातीला नळी लावायचे. जालू दोन्ही हातांनी छाती झाकून म्हणायचा, “आधी बिस्कीट.” प्रत्येकाकडून एक.

रेश्मा जिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. नाडगौडा त्यांचं नाव. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आवाज असा की वॉर्डाच्या टोकाला ऐकू यावा. त्यांनी आई-दादांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं.

“हे बघा. खाली दोन कप्पे. उजव्यातून निळं रक्त फुफ्फुसाकडे जातं, स्वच्छ होऊन डाव्यात येतं आणि तिथून अंगभर. जालिंदरच्या दोन्ही मोठ्या नळ्या उजव्यातूनच निघाल्यात. डाव्यातलं स्वच्छ रक्त मधल्या भोकातून उजव्यात येतं आणि तिथंच मिसळतं. त्यात फुफ्फुसाकडची नळी सुरुवातीलाच चिंचोळी.”

दादांनी चित्रातल्या नळ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हंजी नितळ पाणी अन् गढूळ पाणी एकाच चारीत पडलंय.”

“अगदी बरोबर.”

“मंग आता नवी चारी काढायची?”

“आतल्या आत. ह्या भोकापासून त्या नळीच्या तोंडापर्यंत एक बोगदा शिवायचा. स्वच्छ रक्त त्यातून थेट अंगात. आणि फुफ्फुसाकडची वाट रुंद करायची.”

“पर वाहत्या पाण्यात काम व्हतंय का कुठं? पाणी बंद करावं लागंल.”

“करणार. तेवढा वेळ हृदयाचं काम मशीन करेल.”

दादांनी मान डोलावली. “आवर्तन बंद ठेवायचं, काम उरकायचं, मंग पाणी सोडायचं. समजलं. पर बाई, पाणी सोडल्यावर चारी गळली तर?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “तेच बघायचं असतं,” त्या म्हणाल्या. “धोका आहे. मी नाही म्हणणार नाही. पण न केलं तर धोका त्याहून मोठा आहे.”

 आईनं एकच विचारलं, “समदं नीट झालं तर त्याला रडाय चालंल का?”

“खुशाल रडू दे. शाळेत जाऊ दे, मारामाऱ्या करू दे, मार खाऊन घरी येऊ दे.”

आईनं पदर तोंडाला लावला. तिला ते खरं वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर ती हसली असती.

ऑपरेशनच्या सकाळी जालूला हिरवा झगा घातला. तो रडू नये म्हणून आधीच गुंगीचं औषध पाजलं होतं. ढकलगाडीवरून जाताना तो जड जिभेनं म्हणाला, “ताई, पत्ते पिसून ठेव.” दार मिटलं.

आम्ही बाकावर बसलो. दादा मधूनच उठायचे, येरझारा घालायचे, परत बसायचे. “आता पाणी बंद केलं आसंल,” असं एकदा म्हणाले. पुन्हा बऱ्याच वेळानं, “आता बोगद्याचं चालू आसंल.” आई म्हणाली, “तुमी गप बसा वो.” मग ते गप्प बसले, आणि ते जास्तच वाईट वाटायला लागलं.

मी मोहट्याच्या देवीला नवस बोलले. आई नेहमी नारळाचा, खणाचा बोलायची. माझ्याकडे ना नारळ होता ना खण. माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, ती मी दिली. मनात म्हटलं, ‘देवी, माझा जालू परत दे. मी जन्मभर चोर होईन. एकदासुद्धा जिंकणार नाही.’

दिवस कलला तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क गळ्यात लोंबत होता, डोळे लालभडक. त्या सरळ दादांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“पाणी सोडलंय,” त्या म्हणाल्या. “चारी गळत नाही.”

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडावर दाबून धरली आणि लहान पोरासारखे हमसून रडले. आई रडली नाही. ती त्यांना म्हणाली, “आवो, लोक बघत्यात.”

जालूला ठेवलं होतं त्या काचेच्या खोलीत आम्हांला एकेकाला सोडलं. आई बाहेर आली ती गोंधळलेली. “नखं लाल हायत,” ती मला म्हणाली. “मी पुसून पाह्यली. रंग निघंना.”

जालू आठवड्याच्या आत वॉर्डात परत आला. छातीवर पट्टी, गालावर रंग, आणि तोरा पहिल्यापेक्षा दुप्पट. पण एक नवंच त्रांगडं उभं राहिलं. छातीत कफ साठत होता. दीर्घ श्वास घ्यायचा, फुगा फुगवायचा, जोरात खोकायचं, म्हणजे फुफ्फुसं उघडतील, असं सांगितलेलं. जालू फुग्याकडे बघून म्हणायचा, “मी न्हाई.” आणि त्यानं नाही म्हटलं की आमच्या घरी विषय संपलेला असायचा.

त्याच्या अंगात कणकण आली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला.

“एवढ्या ऑपरेशनमधून तरला आणि आता कफानं न्यूमोनिया करून घेतो की काय! का फुगवत नाही हा फुगा?”

“जबरदस्ती केली तर रडंल तो,” आई म्हणाली.

“मग रडू दे की! अहो, रडताना पोर जेवढा दम भरतं तेवढा दहा फुग्यांनी भरत नाही. रडवा त्याला कुणीतरी!”

आमची तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. कुणी म्हणावं की देवघरात चपला घालून जा, तसं ते वाटलं.

आधी दादा पुढे झाले. त्यांनी भुवया आवळल्या, मिशी फुरफुरवली. जालू म्हणाला, “दादा, तुमचं पोट दुखतंय का?” दादा मागे सरले. आईनं हात उगारला. हात खाली येईपर्यंत त्याचा आंजारून-गोंजारून पापा झाला. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “कठीण आहे तुमचं! संध्याकाळी मी परत येते. तोवर ह्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे.”

“पत्ते काढ की,” रेश्मा माझ्या कानात कुजबुजली. “हरव त्याला.”

जिची मी सहा वर्षं वाट पाहत होते ती परवानगी अशी चक्क डॉक्टरांच्या तोंडून मिळाली होती. मी पत्ते काढले. आम्ही दोघंच खेळलो. शेवटी माझ्या हातात एक राणी, त्याच्या हातात दोन पत्ते. गुलाम बोटभर वर. माझा हात पुढे गेला, आणि मी गुलाम ओढला. पुढच्याच ओढीत माझी राणी त्याच्या हातात गेली.

“ताई चोर!” जालू खूश.

“काय गं बये!” रेश्मानं मला चिमटा काढला. “मुद्दाम?”

मुद्दामच. नवस कसा मोडणार? देवीनं तिचं काम चोख केलं होतं. मी शब्द फिरवला आणि तिनं जालूला परत नेलं तर? मी आता दोन मुलांची आई आहे, बँकेत नोकरी करते, पण देवीची ती धास्ती मला अजून आठवते.

“अजून एक डाव,” मी म्हणाले.

दादा चहा आणायला खाली गेले. आई नळावर गेली. आम्ही पत्ते वाटले. जोड्या पडत गेल्या. जालूच्या छातीतून घरघर ऐकू येत होती, पत्ते टाकताना तो मध्येच धापत होता. पुन्हा माझ्याकडे एक अठ्ठी उरली, त्याच्याकडे दोन पत्ते.

मी मनात म्हटलं, ‘देवी, तूही बाईमाणूस आहेस. समजून घे. हा एकच डाव. पुढचे सगळे हरेन.’

“ओढ ना,” जालू म्हणाला आणि गुलाम आणखी वर केला, मला दिसत नसावा अशा काळजीनं.

मी खालचा ओढला. अठ्ठी.

जालूला आधी कळलंच नाही. त्यानं हातातला गुलाम उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग पत्ता माझ्यापुढे धरला. “ताई, हा राहिला. घे.”

“न्हाई,” मी म्हणाले.

“घे!”

“न्हाई घेणार. तू चोर. जालू चोर!”

त्याचा ओठ पुढे आला. सिस्टर साळवे आधीच मास्क घेऊन खाटेच्या मागे उभ्या होत्या. जालूनं तोंड उघडलं, छाती भरली, आणि त्यानं असा काही टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरचं तान्हं दचकून जागं झालं. आई ओल्या हातांनी धावत आली, गुडघे धरायला वाकली. सिस्टरनी तिचं मनगट पकडलं.

“थांबा. ओठ बघा.”

आईनं पाहिलं. मीही पाहिलं. तोंड वासलेलं, नाक वाहतंय, आणि ओठ लालबुंद. आवाज तुटत नव्हता. संपला की तो दम भरायचा आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं सुरू व्हायचा. मध्येच ढास लागली, कफ सुटला, सिस्टरनी तो पुसून घेतला. “शाब्बास! अजून रड!”

जालूला हा अपमान सोसेना. त्यानं पत्ते माझ्या तोंडावर फेकले आणि माझी वेणी धरून हिसकली.

आईनं त्याच्या मांडीवर एक चापट दिली. हळूच, पण चापटच. त्याच्या जन्मातली पहिली. जालूनं दुप्पट सूर लावला. आई खाटेच्या कडेला मटकन बसली. ती हसत होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. मलाही हुंदका आवरेना.

तेवढ्यात जिन्यावरून दादांचा आवाज आला. चहाचा थर्मास घेऊन ते वर येत होते आणि पाळी मोडणाऱ्या बागायतदारावर तापावं तसे तापले होते.

“कुणाचं पोरगं हाय हे? आख्खा जिना डोक्यावर घेतलाय! हितं आमचं लेकरू आजारी हाय. ह्याला आई-बाप हायत का न्हाई?”

ते दारात आले. आईनं वर पाहिलं.

“आपलाच हाय,” ती म्हणाली.

दादा जागच्या जागी थांबले. त्यांनी जालूकडे पाहिलं, त्याच्या ओठांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं.

“आपला असा रडतो व्हय?”

मी जालूला समजवायला पुढे झाले. दादांनी हातानंच मला अडवलं, स्टूल ओढून खाटेपाशी बसले आणि थर्मास मांडीवर ठेवला.

“थांबवू नको, कौशे,” ते म्हणाले. “जरा ऐकू दे.”